पत्रिका, फ्लेक्स, दुकानाची पाटी: तारीख पक्की असते, माल पक्का नसतो! छपाईचं नियोजन कसं करावं?

जत्रेला आठ दिवस उरलेत. पाहुण्यांची नावं ठरली, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आले, वर्गणीही जमली. मंडळाची पोरं तालुक्याच्या फ्लेक्सवाल्याकडे गेली, तर उत्तर मिळालं, "दहा फुटी रोल संपलाय. गाडी परवा येईल, पण नक्की सांगता येत नाही." दुसऱ्या दुकानात माल होता, पण दर चढा. तिसऱ्याने अ‍ॅडव्हान्स घेतला आणि जत्रेच्या आदल्या रात्री अकराला बोर्ड दिला. त्यात सरपंचांचं आडनाव चुकलेलं. दुरुस्त करायला ना वेळ, ना फ्लेक्स.

गावोगावी असंच घडतं. लग्नपत्रिका, बिलबुकं, दुकानाची पाटी, शाळेचा बोर्ड, बचत गटाच्या पापडाचं लेबल ही कामं वेगवेगळी दिसतात, पण अडतात बहुतेक एकाच जागी. मशीनवर फ्लेक्स छापायला मिनिटं लागतात. खरा वेळ जातो तो माल तालुक्यापर्यंत यायला आणि मजकूर पक्का व्हायला. यातली पहिली गोष्ट ग्राहकाच्या हातात नसते, दुसरी पूर्णपणे असते. म्हणून छपाईचं काम काढताना डिझाइनच्या आधी मालाची चौकशी करावी. ती कशी करायची, किती दिवस आधी करायची आणि पैसे कुठे वाचतात, याची ही सविस्तर माहिती.

तालुक्याच्या दुकानात माल येतो कुठून?

फ्लेक्स: फ्लेक्स म्हणजे पॉलिस्टर धाग्याची जाळी आणि तिच्या दोन्ही बाजूंना पीव्हीसीचा थर. शेतातल्या पाइपलाही हेच पीव्हीसी लागतं. देशाला लागणारं पीव्हीसी देशात पुरेसं तयार होत नाही, मोठा हिस्सा परदेशातून येतो. त्यामुळे कच्चं तेल महागलं, डॉलर वधारला किंवा बाहेरचा कारखाना बंद पडला की त्याची झळ इथे लागते. शेतकऱ्यांसाठी एक सोपी खूण आहे. पाइपच्या दुकानात पीव्हीसी पाइपचे भाव सारखे बदलायला लागले, तर फ्लेक्सचा दरही फार दिवस स्थिर राहणार नाही असं समजावं.

कागद: कागद लाकडाच्या लगद्यापासून, रद्दीपासून आणि उसाच्या चिपाडापासून बनतो. राज्यात चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूरची जुनी कागद गिरणी आहे. पण तालुक्यातल्या छोट्या प्रेसला गिरणीचा माल थेट मिळत नाही. गिरणीतून मोठ्या शहरातला घाऊक व्यापारी, तिथून जिल्ह्याचा विक्रेता आणि मग प्रेस, असा तो येतो. रद्दी आणि लगदाही काही प्रमाणात आयात होतो, म्हणून जहाजाचं भाडं वाढलं की कागदाचा भावही हलतो.

पाटीचं सामान: एलईडी मॉड्यूल, पॉवर सप्लाय, अ‍ॅक्रिलिक शीट, प्रिंटरची शाई, मशीनचे हेड यातलं बरंच सामान चीन, जपान अशा देशांतून येतं. ते उरणजवळच्या न्हावा शेवा किंवा गुजरातच्या मुंद्रा बंदरात उतरतं आणि पुढे ट्रकने जातं. एसीपी शीट म्हणजे मध्ये प्लास्टिक आणि दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा. त्यामुळे तिला दोन्हींचे भाव लागू होतात. ऑफसेट छपाईच्या प्लेटाही अ‍ॅल्युमिनियमच्याच असतात.

शेवटचा टप्पा म्हणजे तालुक्याचं दुकान. छोटा दुकानदार माल साठवून ठेवत नाही, कारण त्यात त्याचे पैसे अडकतात. जे रोज खपतं तेवढंच तो ठेवतो: साधा पांढरा फ्लेक्स, नेहमीच्या मापाचे रोल, साधा मॅपलिथो कागद, चालणारी पत्रिका. वेगळं काही मागितलं की तो फोन लावतो आणि सामान गाडीने मागवतो. दुकानात दिसणारा नमुना म्हणजे हातातला माल, असं धरून चालू नये.

लांबची घटना, गावात फटका

मागच्या काही वर्षांत काय काय झालं ते पाहिलं, तर ही साखळी कुठे तुटते ते कळतं.

- फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात कडाक्याची थंडी पडली. तिथले रसायन कारखाने बंद राहिले आणि जगभर पीव्हीसीची टंचाई झाली.
- मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात 'एव्हर गिव्हन' नावाचं महाकाय जहाज आडवं अडकलं. सहा दिवस वाहतूक ठप्प होती. करोनानंतर रिकाम्या कंटेनरची टंचाई आधीच होती, त्यात ही भर पडली.
- २०२२ च्या सुरुवातीला फिनलंडमधल्या एका बड्या कागद कंपनीत कामगारांचा संप जवळपास चार महिने चालला. कागदाच्या जागतिक बाजारावर त्याचा ताण आला.
- मार्च २०२२ मध्ये श्रीलंकेच्या पश्चिम प्रांतात शाळांच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. प्रश्नपत्रिका छापायला कागद आणि शाई नव्हती, कारण ते आणायला परकीय चलन उरलं नव्हतं.
- २०२१ च्या दिवाळीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटी कर्मचाऱ्यांचा संप होता. ज्या गावांना एसटीच्या पार्सलचा आधार होता, तिथे लहान गठ्ठे पोहोचणंही अवघड झालं.
- २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले. युरोपकडून येणारी अनेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली. त्यात दहा ते चौदा दिवस जास्त जातात.
- जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला ट्रकचालकांनी दोन दिवस काम थांबवलं, तेव्हा पेट्रोल पंपावरच्या रांगा सगळ्यांनीच पाहिल्या. छपाईचा मालही त्याच रस्त्यावरून येतो.

करातला बदलही असाच अचानक अंगावर येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. शाळेच्या वह्यांवरचा कर शून्य झाला, पण छपाईच्या बऱ्याच कागदावरचा कर १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. आधीच्या दराने तोंडी भाव ठरवलेल्या कामात मग वाद होतात.

यातली एकही गोष्ट गावात बसून आधी ओळखता येत नाही. ओळखायची गरजही नाही. आपल्या तारखेच्या आधी किती दिवस मोकळे ठेवायचे, एवढं ठरवता येतं.

वर्षातले गर्दीचे दिवस

काही अडचणी मात्र दरवर्षी ठरलेल्या वेळी येतात. त्या कॅलेंडरवर आधीच खुणावून ठेवता येतात.

तुळशीच्या लग्नानंतर: लग्नपत्रिकांचा हंगाम सुरू होतो. एप्रिल-मेच्या दाट तिथींसाठी फेब्रुवारी-मार्चमध्येच प्रेसवर गर्दी होते.

मार्च एंड: ग्रामपंचायत, शाळा, सोसायटी यांचा निधी ३१ मार्चपूर्वी खर्ची पडायचा असतो. कामाचे फलक, नामफलक, रजिस्टर, पावतीपुस्तकं यांच्या ऑर्डरी एकाच पंधरवड्यात येतात. चैत्रातल्या जत्राही याच सुमारास असतात.

मे-जून: शाळा उघडण्याआधी वह्या-पुस्तकांसाठी कागदाची मागणी वाढते.

पावसाळा: घाट बंद पडतात, पूल पाण्याखाली जातात. हवा दमट असली की कागद ओल धरतो, वाकतो आणि छपाई सुकायला वेळ लागतो. याच दिवसांत दहीहंडी आणि गणपतीचे फ्लेक्स येतात.

दसरा-दिवाळी: दुकानांची उद्घाटनं, ऑफरची पत्रकं आणि पुढच्या वर्षाची कॅलेंडरं. कॅलेंडरांचं मोठं केंद्र तमिळनाडूतलं शिवकाशी आहे. तिथे नव्या वर्षाचे नमुने जुलै-ऑगस्टमध्येच, त्यांच्या आडी महिन्यात, बाहेर पडतात आणि देशभरातून ऑर्डरी सुरू होतात. दुकानाचं किंवा पतसंस्थेचं कॅलेंडर काढायचं असेल, तर डिसेंबरमध्ये विचार करणं म्हणजे उरलेसुरले नमुने घेणं.

निवडणुका: आचारसंहिता लागली की तालुक्यातली सगळी मशीनं प्रचाराच्या कामाला लागतात. या काळात घरगुती कामाला थांबावं लागतं.

उलटी मोजणी करा

समजा, गावाची जत्रा चैत्रात आहे. मंडळाला जत्रेच्या पत्रिका, एक दहा बाय वीस फुटांची स्वागत कमान आणि सहा लहान बोर्ड हवेत. जत्रेच्या दिवसापासून मागे मोजत यावं.

- ४५ दिवस आधी: काय काय छापायचं त्याची यादी आणि मापं कागदावर लिहा. दोन दुकानांत चौकशी करा. माल हातात आहे की मागवावा लागेल, एवढाच प्रश्न आधी विचारा.
- ४० दिवस आधी: पत्रिकेचा कागद आणि नमुना ठरवा. अ‍ॅडव्हान्स द्या, पावती घ्या.
- ३५ दिवस आधी: पत्रिकेचा मजकूर पक्का करा. पाहुण्यांची नावं, पदं, वर्गणीदारांची यादी याच दिवशी बंद करा.
- २५ दिवस आधी: पत्रिका छापून हातात आल्या पाहिजेत, म्हणजे वाटायला वेळ मिळतो.
- २० दिवस आधी: कमानीसाठी लागणारा रोल दुकानदाराकडे आला का, ते समक्ष जाऊन पाहा.
- १५ दिवस आधी: फ्लेक्सचा मजकूर आणि फोटो अंतिम करा.
- १० दिवस आधी: फ्लेक्स छापून घ्या.
- ७ दिवस आधी: सांगाड्यावर लावून पाहा. काही चुकलं तर याच सात दिवसांत सुधारता येतं.

मोठ्या कामात सर्वांत उशिरा येणारी वस्तू आधी मागवायची. दुकानाच्या एलईडी पाटीत लोखंडी सांगाडा गावातला वेल्डर दोन दिवसांत करून देतो, व्हिनाईलही पटकन मिळतं. थांबावं लागतं ते मॉड्यूल, पॉवर सप्लाय किंवा ठरावीक रंगाच्या अ‍ॅक्रिलिकसाठी. बऱ्याच जणांचं उलटं होतं. सांगाडा आधी उभा राहतो आणि अक्षरं महिनाभर येत नाहीत.

कामानुसार काय लक्षात ठेवावं?

लग्नपत्रिका: अल्बममधला नमुना आवडला तरी त्याचा साठा घाऊक व्यापाऱ्याकडे शिल्लक असेलच असं नाही. म्हणून एकाऐवजी तीन नंबर पसंत करून ठेवावेत. मोजून दिलेल्या संख्येपेक्षा पंचवीस-तीस पत्रिका जास्त घ्याव्यात. नंतर कमी पडल्या तर तोच नमुना पुन्हा मिळत नाही आणि थोड्या प्रतींसाठी पुन्हा मशीन लावणं महाग पडतं. मुहूर्त, कार्यालयाचं नाव आणि आडनावं दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांकडून वाचून घ्यावीत.

बिलबुकं आणि पावतीपुस्तकं: शेवटचं बुक हातात घेतल्यावर ऑर्डर देऊ नये. दोन-तीन बुकं उरली की द्यावी. मागच्या बुकाचा शेवटचा नंबर प्रेसला लिहून द्यावा, म्हणजे नंबर तुटत नाहीत. कार्बनलेस कागद मिळत नसेल तर साधा कागद आणि कार्बन वापरून काम चालतं का, ते आधीच ठरवून ठेवावं.

फ्लेक्स: माप ठरवताना रोलची रुंदी विचारावी. साडेपाच बाय नऊ फुटांचा बोर्ड म्हणजे ४९.५ चौरस फूट. पण तो सहा फुटी रोलवर निघतो आणि अनेक ठिकाणी रोलच्या रुंदीनेच, म्हणजे ५४ चौरस फुटांचे पैसे लागतात. मग सरळ सहा बाय नऊचा करावा किंवा पाच फुटी रोलात बसवावा. दहा फुटी रोल नसेल, तर दहा बाय वीसची कमान पाच-पाच फुटांचे दोन पट्टे जोडून होते. फक्त जोड कुठे येणार ते डिझाइन करणाऱ्याला आधी सांगावं. नाहीतर तो नेमका ग्रामदैवताच्या किंवा पाहुण्यांच्या चेहऱ्यावर येतो.

दुकानाची पाटी: ही पाच-सात वर्षं टिकायची वस्तू आहे, तेव्हा घाई नको. एखादं मॉड्यूल गेलं तर तसंच तालुक्यात मिळेल का, हे विचारावं. स्वस्तातलं अनोळखी सामान लावलं आणि वर्षभराने तो प्रकारच बाजारातून गायब झाला, तर नावातलं एक अक्षर अंधारात राहतं. उद्घाटनाची तारीख जवळ असेल, तर तात्पुरता फ्लेक्स लावून दुकान सुरू करावं आणि कायमची पाटी सवडीने बसवावी.

बचत गटाचं लेबल: इथे खरा पैसा अडकतो. रंगीत छापील पाऊच करायला मोठी ऑर्डर द्यावी लागते, कारण त्यासाठी छपाईचे सिलिंडर बनवावे लागतात. नव्या गटाने साधा पाऊच आणि त्यावर स्टिकर ही वाट धरावी. पाऊच एका ठिकाणी मिळाला नाही तर दुसरीकडून आणता येतो, स्टिकर तोच चालतो. लेबलवर पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, उत्पादकाचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर, शाकाहाराची हिरवी खूण, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत वापरावं आणि सर्व करांसह कमाल किंमत अशा गोष्टी लागतात. यातल्या तारीख, बॅच आणि किंमत या जागा कोऱ्या ठेवून नंतर शिक्क्याने भराव्यात. उडदाचा भाव वाढला आणि पापडाची किंमत बदलली, तर छापील किमतीचे हजारो स्टिकर रद्दीत जातात. किंमत कोरी असेल तर एकदाच मोठी छपाई करता येते आणि दर स्टिकरमागे खर्च कमी येतो.

कोटेशन कसं वाचायचं?

"एवढ्यात होऊन जाईल" हे कोटेशन नव्हे. साध्या कागदावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्यावं. त्यात पुढच्या गोष्टी हव्यातच.

मालाचा प्रकार: कागद असेल तर जीएसएम. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. २३ बाय ३६ इंचाच्या ५०० कागदांची रीम ७० जीएसएमची असेल तर सुमारे १८.७ किलो भरते, ६० जीएसएमची सुमारे १६ किलो. म्हणजे एका प्रेसने ७० चा आणि दुसऱ्याने ६० चा भाव दिला असेल, तर दुसरा स्वस्त दिसणारच. टंचाईच्या दिवसांत पातळ कागद खपवला जातो, तेव्हा हा आकडा लिहून घेतलेला बरा. फ्लेक्सच्या बाबतीत साधा की स्टार, हे लिहून घ्यावं.

भाव किती दिवसांसाठी: दर हलते असताना दुकानदार आठ-पंधरा दिवसांपुरताच भाव देतो. यात त्याची लबाडी असतेच असं नाही, त्यालाही पुढून तसाच मिळतो. पण तारीख लिहिलेली असावी.

भावात काय धरलंय: डिझाइन, प्रूफ, रिंगा, सांगाडा, लावणावळ, गाडीभाडं, जीएसटी. यातलं काय आत आणि काय बाहेर, ते स्पष्ट हवं.

अ‍ॅडव्हान्स आणि माल: अ‍ॅडव्हान्स दिल्यावर दुकानदार माल लगेच घेऊन ठेवणार का, हे विचारावं. माल आपल्या नावाने बाजूला पडला तर पुढे भाव वाढला तरी वाद होत नाही. सगळे पैसे आधी देऊ नयेत आणि पावतीशिवाय काहीच देऊ नये.

उशीर झाला तर: तारीख चुकली तर काय, हे दोघांनी आधीच बोलून घ्यावं. जत्रेनंतर आलेल्या कमानीचा उपयोग नसतो.

ग्रामपंचायत आणि शाळांनी आणखी एक काळजी घ्यावी. जानेवारीत घेतलेली दरपत्रकं मार्चमध्ये चालतीलच असं नाही. मंजुरीला लागणारे दिवस धरून मुदत मागावी, नाहीतर मंजूर रकमेत काम बसत नाही आणि मग माप किंवा दर्जा कापला जातो.

माल मिळतच नसेल तर?

- माप बदला: मोठ्या एका बोर्डाऐवजी मिळणाऱ्या रोलात बसणारे दोन बोर्ड करा.
- कागद बदला: आर्ट पेपर नसेल तर चांगल्या मॅपलिथोवर दोन रंगांत पत्रकं नीट दिसतात.
- संख्या कमी करा: लगेच लागणाऱ्या प्रती छापून घ्या, बाकीच्या नंतर. प्रत्येक वेळी मशीन लावण्याचा खर्च येतो, हे मात्र लक्षात ठेवा.
- पेंटर गाठा: पत्र्यावर किंवा भिंतीवर रंगवलेली पाटी आजही वर्षानुवर्षं टिकते. त्यासाठी कुठलंही जहाज बंदरात लागावं लागत नाही. शाळा, दूध डेअरी, पाणीपुरवठ्याची टाकी यांच्यासाठी हा पर्याय उत्तम.
- कापडी बॅनर: तारीख न लिहिता "सहर्ष स्वागत" असं लिहिलेलं कापड दरवर्षी वापरता येतं.

शेवटची सूचना मंडळांसाठी विशेष कामाची. कमानीवर साल आणि नावं नसतील तर ती पाच वर्षं चालते. नावांचा लहान बोर्ड तेवढा दरवर्षी बदलायचा.

नियमही माहीत हवेत

घाईत नियम मोडला की छापलेला माल वाया जातो.

१ जुलै २०२२ पासून देशात १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक किंवा पीव्हीसी बॅनरवर बंदी आहे. पत्रिका आणि मिठाईच्या खोक्यांवर गुंडाळायची प्लास्टिक फिल्मही त्याच दिवसापासून बंद आहे. महागाईत पातळ फ्लेक्स स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नये.

राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी बंधनकारक आहे. मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. मुंबईतल्या दुकानदारांना सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. अशी मुदत आली की सगळ्यांच्या पाट्या एकाच वेळी निघतात. त्यामुळे नवी पाटी करतानाच नियमाने करावी.

लोकसभा-विधानसभेच्या प्रचाराच्या छापील साहित्यावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७ अ नुसार तो न छापल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. स्थानिक निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोगाचे आदेश तहसील कार्यालयात पाहावेत.

फलक लावायला ग्रामपंचायत किंवा नगरपंचायतीची परवानगी घ्यावी. विजेच्या खांबाला बोर्ड बांधू नये. आणि खर्च कितीही वाढला तरी सांगाड्यात काटकसर नको. १३ मे २०२४ ला वादळी वाऱ्यात मुंबईत घाटकोपरला पेट्रोल पंपावर महाकाय फलक कोसळला आणि १७ जणांचा जीव गेला. गावची कमान लहान असली तरी वळवाचा वारा तिलाही लागतो आणि खालून लेकरंबाळं जातात.

ऑर्डर देण्याआधी विचारायचे आठ प्रश्न

१. माल आत्ता दुकानात आहे का? असेल तर दाखवता का?
२. नसेल तर कुठून आणि कशाने येणार?
३. हा भाव कोणत्या तारखेपर्यंत?
४. कागद किती जीएसएम, फ्लेक्स कोणता?
५. डिझाइन, रिंगा, लावणावळ, जीएसटी धरून की सोडून?
६. हाच माल मिळाला नाही तर दुसरा कोणता, आणि त्याचा भाव काय?
७. प्रूफ कधी मिळेल? दुरुस्ती किती वेळा करून मिळेल?
८. काम हातात कोणत्या दिवशी?

प्रूफ मोबाइलवर आलं की मोठं करून, एक-एक शब्द बोट ठेवून वाचावं. शक्यतो कागदावर काढून दोघांनी वाचावं. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने प्रूफ पाहायचं. तारीख आणि वार जुळतात का, मोबाइल नंबर दहा आकडी आहे का, मानापानाच्या नावांचा क्रम बरोबर आहे का, हे पाहूनच "ओके" लिहावं. एकदा ओके दिल्यावर चूक ग्राहकाची, असाच व्यवहार चालतो. माल सहज मिळत असतो तेव्हा पुन्हा छापून घेता येतं, टंचाईत दुसरी संधी मिळत नाही.

बंदरात काय अडकलंय, डॉलर किती झाला, गिरणी चालू आहे की बंद, हे तालुक्याच्या प्रेसवाल्यालाही ठाऊक नसतं. तो त्याच्या पुरवठादाराच्या फोनवर अवलंबून असतो. पण दीड महिना आधी आलेल्या ग्राहकासाठी तो चार फोन जास्त करू शकतो. आठ दिवस आधी आलेल्याला तो हातात असेल तेच देणार, असेल त्याच भावात.